गोळीही हवी, बोलणंही हवं

आरोग्याचा इतिहास सांगणाऱ्या या सदरात आजचा विषय पुरुषांच्या दुखण्याचा आहे, पण त्याची झळ बाईला लागते. शरीरसंबंधाच्या वेळी पुरुषाला ताठरता न येणं, आली तरी न टिकणं, किंवा वीर्य फार लवकर पडणं. आपल्या बोलीत याला शिवी आहे, टोमणा आहे, पण साधं नाव नाही. डॉक्टर त्याला लैंगिक समस्या म्हणतात. आपणही आज तेच म्हणू.

हे रेडिओवर कशाला, असं काही जणींना वाटेल. पण हा विषय आपल्या गावात आधीच जाहीरपणे बोलला जातोय. एसटी स्टँडच्या भिंती बघा, रेल्वे रुळाकडेच्या भिंती बघा. ‘गुप्तरोग’, ‘हमखास इलाज’, ‘एका भेटीत गुण’, असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. म्हणजे बोलतोय तो, ज्याला माल विकायचाय. ज्यांच्या घरात हे घडतंय ते नवराबायको मात्र गप्प. ही गप्प बसण्याची किंमत मी आमच्या गटांच्या वह्यांत बघितली आहे. बाई शेळीसाठी म्हणून अंतर्गत कर्ज उचलते, पैसे जातात पुड्यांत आणि भस्मांत, आणि हप्ता ती मजुरी करून फेडते. शेळी काही दारात येत नाही.

म्हणून आज बघू, की या दुखण्याकडे माणसांनी आजवर कसं बघितलं, कुठले उपाय केले, आणि शेवटी डॉक्टर या निष्कर्षाला कसे आले, की नुसती गोळीही पुरत नाही आणि नुसतं बोलणंही पुरत नाही, बऱ्याच जणांना दोन्ही एकत्र लागतं.

सुरुवात आपल्याच देशापासून करू. आयुर्वेदाच्या आठ शाखा सांगतात, त्यांतली एक वाजीकरण. ती याच विषयाची. म्हणजे आपल्या पूर्वजांना हा विषय लाजेचा वाटत नव्हता, वैद्यकीचा वाटत होता. सुश्रुताच्या ग्रंथात या दुखण्याचे सहा प्रकार दिले आहेत, आणि त्यांतला पहिला प्रकार आहे मनाचा. मन दुखावलेलं असेल, किंवा जिच्याशी पटत नाही तिच्याशी संबंध येत असेल, तर पुरुषाला ताठरता येत नाही, असं त्यात सांगितलं आहे. बाकीचे प्रकार शरीराचे. मार लागून झालेलं आणि जन्मापासूनचं दुखणं बरं होत नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बघा, इतक्या जुन्या काळच्या वैद्यानं ‘हमखास’ असा शब्द वापरला नाही. तो भिंतीवरच्या जाहिरातवाल्यानं वापरला.

आता युरोपात जाऊ. साल १८८९. पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाचे मोठे नावाजलेले शास्त्रज्ञ होते, वय ७२. त्यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क काढून स्वतःला टोचून घेतला, आणि विद्वानांच्या सभेत जाहीर केलं, की मला पुन्हा तरुणपणाची ताकद आली. झालं! तसल्या इंजेक्शनांची लाट उठली. पुढे १९२० मध्ये पॅरिसमध्येच व्होरोनॉफ नावाच्या सर्जननं माकडाच्या वृषणाचे तुकडे माणसाला बसवायला सुरुवात केली. अमेरिकेत ब्रिंकली नावाचा माणूस बोकडाचे बसवायचा आणि त्यावर गडगंज झाला. खरी गोष्ट अशी, की ब्राऊन-सेकार यांच्या त्या अर्कात पुरुषी संप्रेरक जवळजवळ नव्हतंच, कारण ते पाण्यात फारसं उतरत नाही. ते संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, वेगळं करता आलं ते १९३५ मध्ये.

मग ब्राऊन-सेकार यांना ताकद आल्यासारखी वाटली ती कशानं? आपल्याला गुण येणारच या विश्वासानं. यावर हसू येतं, पण यातच एक महत्त्वाची गोष्ट आहे. या दुखण्यात मनाचा वाटा एवढा मोठा, की खोट्या औषधानंही काही दिवस बरं वाटतं. भोंदू माणसाचं दुकान चालतं ते याच्यावरच. काही दिवसांनी विश्वास ओसरतो, दुखणं परत येतं, आणि तोवर तंबू दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात एक माणूस वेगळंच काम करत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. तरी १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई संसाराला हातभार लावत पाठीशी उभ्या राहिल्या. या मासिकात वाचक आपले खासगी प्रश्न लिहून पाठवत आणि कर्वे त्यांना न लाजता, शास्त्राला धरून उत्तरं देत. हस्तमैथुनानं माणूस खंगतो का, असले प्रश्न तेव्हाही होते आणि आजही आहेत. खंगत नाही, हे तेव्हा छापायला धाडस लागत होतं.

त्या प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र घेतलं कोणी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांनी शंका विचारल्या तर जाणकारानं त्यांना उत्तर द्यायचं नाही का, ही त्यांची बाजू. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण मैत्रिणींनो, विचार करा. ज्या गोष्टीसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ती गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणं आणि खरं उत्तर मिळणं. आज जिला समुपदेशन म्हणतात तिची पहिली पायरी तीच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये सरकारनं एक कायदा केला. जादूटोण्यासारखे इलाज आणि आक्षेपार्ह औषधी जाहिराती रोखणारा. त्यात जी दुखणी बरी करतो म्हणून जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत नपुंसकता आहे. लैंगिक ताकद वाढवतो अशी जाहिरातही त्यात बसत नाही. म्हणजे स्टँडवरच्या त्या भिंती सत्तर वर्षांपासून बेकायदा आहेत!

पुढे १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी आपल्याकडच्या एका दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. लघवीवाटे, स्वप्नात धातू जातो, म्हणून अंगातली ताकद चालली, अशी धास्ती घेऊन तरुण पोरं खंगतात, झोप उडते, लग्नाला नको म्हणतात. शरीरात बिघाड काही नसतो. अशा मुलाला शरीर कसं चालतं हे नीट समजावून सांगणं हेच मोठं औषध. पण धास्तीतून उदासी आली असेल तर उदासीवरची गोळीही द्यावी लागते. बोलणं आणि गोळी यांची जोडी इथंही दिसते.

आता अमेरिकेत काय चाललं होतं ते बघू. सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि १९५७ पासून त्यांच्या जोडीला व्हर्जिनिया जॉन्सन. दोघांनी कित्येक वर्षं अभ्यास करून १९७० मध्ये उपचारांवरचं पुस्तक काढलं. त्यांची पहिली अट अशी, की एकट्या नवऱ्यावर उपचार करायचे नाहीत, जोडप्यावर करायचे. कारण दुखणं एकाचं दिसलं तरी ते दोघांच्या मधोमध असतं. समोर सल्ला देणारेही दोघं बसायचे, एक पुरुष आणि एक बाई. म्हणजे बायकोची बाजू समजून घेणारं कुणीतरी त्या खोलीत असायचं.

त्यांनी सांगितलेला उपाय आजही वापरतात. जोडप्याला सांगायचं, काही दिवस शरीरसंबंध अजिबात करायचा नाही. फक्त एकमेकांना मायेनं स्पर्श करायचा, काय बरं वाटतं, काय नको वाटतं ते बोलायचं. मग हळूहळू पुढं जायचं. बंदी का? कारण परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती नाही. भीतीचं शरीराशी काय नातं आहे ते समजून घ्या. माणूस घाबरला की रक्तवाहिन्या आवळतात. ताठरतेला तर उलट हवं असतं, रक्तवाहिन्या सैल होऊन रक्त भरायला हवं. एकदा थकव्यानं किंवा दारूनं जमलं नाही, की दुसऱ्या वेळी ‘आज जमेल ना’ ही धास्ती. धास्तीनं पुन्हा जमत नाही. तिसऱ्या वेळी तो खोलीतच यायचं टाळतो, ओसरीवर झोपतो. बायकोला वाटतं, मी आवडेनाशी झाले, नाहीतर याचं बाहेर कुठंतरी आहे. असा तो फास आवळत जातो.

लवकर वीर्य पडण्यावरही एक साधा सराव १९५६ मध्येच जेम्स सीमन्स या डॉक्टरांनी सांगितला होता, मध्येच थांबायचं, मग पुन्हा सुरू करायचं, असा. तोही जोडप्यानं मिळून करायचा.

त्या काळात डॉक्टर म्हणू लागले, की हे दुखणं बहुतेकांच्या मनातच असतं. हे एका टोकाला जाणं झालं. कारण मधुमेहाचा माणूस, रक्तदाबाचा माणूस, वर्षानुवर्षं विडी-तंबाखू ओढणारा माणूस, यांच्या रक्तवाहिन्या आणि नसाच खराब झालेल्या असतात. त्यांना ‘मनातली भीती काढा’ सांगून काय होणार? मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. १९८३ मध्ये लास व्हेगासला डॉक्टरांची परिषद होती. तिथं जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी भाषणाआधी स्वतःलाच औषध टोचून घेतलं आणि भर सभेत त्याचा परिणाम दाखवून दिला. सभा अवाक झाली. पण मुद्दा सिद्ध झाला, की रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधानं ताठरता आणता येते. तेव्हापासून डॉक्टर म्हणू लागले, हे तर शरीराचंच दुखणं.

मग आली ती निळी गोळी. तिची जन्मकथा मजेची आहे. इंग्लंडमध्ये फायझर कंपनीचे शास्त्रज्ञ छातीतल्या कळेवर, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावर, औषध शोधत होते. त्याचं नाव सिल्डेनाफिल. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेल्समधल्या मर्थर टिडफिल या गावात निरोगी पुरुषांवर त्याची चाचणी घेतली. हृदयाला फारसा उपयोग दिसला नाही. पण काही पुरुषांनी सांगितलं, की या गोळीनं ताठरता जास्त येते. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. लाजून गप्प बसले असते तर ते औषध कपाटातच राहिलं असतं. म्हणजे गोळीसुद्धा सापडली ती कुणीतरी तोंड उघडल्यामुळे.

२७ मार्च १९९८ ला अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली, व्हायग्रा या नावानं. त्याच वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना. या गोळीचं काम त्याच निरोप्यावर चालतं. त्या वेळी आपल्याकडे औषधाच्या मालावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी हीच गोळी स्वतः बनवली आणि ती आपल्याकडे बऱ्याच स्वस्तात आली.

ही गोळी काय करते हे शेतातल्या उदाहरणानं सांगते. आपण रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जातो. सरीचं दारं उघडून ठेवलं, की पाणी वाफ्यात बिनअडथळा जातं. गोळी तेवढंच करते, दारं उघडं धरते. पण मोटरच कुणी चालू केली नाही, तर दारं उघडं असून काय उपयोग? मोटर म्हणजे मनातली इच्छा, जवळीक, निवांतपणा. गोळी इच्छा तयार करत नाही. गोळी घेऊन माणूस टीव्ही बघत बसला तर काहीच होणार नाही. तिला साधारण तासभर आधी घ्यावं लागतं. हे कुणी समजावून सांगत नाही, आणि दोनदा घेऊन गुण आला नाही म्हणून माणूस ती फेकून देतो.

जगभर झालं तेच. गोळी आली तेव्हा वाटलं, आता बोलण्याची गरज संपली. पण पुढच्या काही वर्षांत डॉक्टरांच्या लक्षात आलं, की चांगला गुण येऊनही बरेच पुरुष गोळी मध्येच सोडून देतात. का? कारणं शरीराबाहेरची होती. नवराबायकोत दहा-दहा वर्षांचा अबोला होता. बायकोला न सांगता गोळी घेतली होती. तिची पाळी जाण्याचं वय, कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखायचं, ते कुणी विचारलंच नव्हतं. गोळी संपली तर काय, ही नवी धास्ती लागली होती.

हे आधी ओळखलं होतं न्यूयॉर्कच्या डॉ. हेलन सिंगर कॅप्लन यांनी. १९७४ मध्ये त्यांनी लैंगिक उपचारांवर ग्रंथ लिहिला, आणि पुढे ज्यांना या विषयाची फार भीती बसली आहे अशा रुग्णांना त्या भीतीवरचं औषध आणि बोलण्याचे उपचार एकत्र देऊ लागल्या. आधी औषधानं भीतीचा जोर कमी करायचा, मग माणूस बोलायला, शिकायला मोकळा होतो. व्हायग्रानंतर हाच विचार ताठरतेच्या दुखण्यात आला.

आता या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग. ब्राझीलमध्ये संशोधकांनी मनाच्या कारणानं ताठरता न येणाऱ्या पुरुषांचे तीन भाग केले. काहींना नुसती गोळी, काहींना नुसतं गटात बसून बोलणं, आणि काहींना दोन्ही. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा ११ अभ्यासांकडे एकत्र बघितलं गेलं. त्यातून दिसलं, की गटात बसून बोलण्याचा उपयोग होतो, आणि गोळीच्या जोडीला गट मिळाला तर नुसत्या गोळीपेक्षा सुधारणा जास्त होते आणि उपचार अर्धवट सोडणारेही कमी होतात. अभ्यास लहान होते, पण दिशा स्पष्ट होती.

मैत्रिणींनो, गटात बसून बोलणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बचत गटात पहिल्या महिन्यात बाई तोंडावर पदर धरून बसते. सहाव्या महिन्यात म्हणते, ‘माझ्याकडंही असंच आहे बाई.’ ‘माझ्याकडंही’ हे ऐकलं की अर्धं ओझं उतरतं. पुरुषांना अशी जागाच नाही. पारावर ते पाऊसपाण्याचं बोलतात, भावकीचं बोलतात, या दुखण्याचं बोलत नाहीत. बोलले तर चेष्टा होईल ही भीती.

मुंबईत ही जागा काही डॉक्टरांनी तयार केली. डॉ. महिंदर वत्स यांनी १९७० च्या दशकात कुटुंब नियोजन संघटनेत लैंगिक समुपदेशनाचा आग्रह धरला, आणि ऐंशी वर्षं उलटल्यावर एका इंग्रजी दैनिकात वाचकांच्या प्रश्नांना रोज उत्तरं दिली. २०२० मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले. केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग चालवला. मराठीत डॉ. विठ्ठल प्रभूंनी पुस्तकं लिहिली. कर्व्यांनी जी वाट पाडली तीच ही.

आता आजचं सांगते. चांगल्या डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं? पहिल्यांदा ते विचारतात. त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू? पहाटे जाग येताना ताठरता येते का? येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत, कारण मनाचं असण्याची शक्यता जास्त. मग साखर, रक्तदाब, चरबी तपासतात, लागलं तर संप्रेरक. आधीची कुठली औषधं चालू आहेत ते बघतात, कारण रक्तदाबाच्या आणि उदासीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. पण म्हणून त्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात. मग गोळी, आणि त्याबरोबर जोडप्याशी बोलणं. ज्याचं कारण मुख्यतः मनाचं आहे, त्याला आत्मविश्वास आला की गोळी हळूहळू कमी करता येते. मधुमेहाच्या माणसाला बहुधा चालू ठेवावी लागते. लवकर वीर्य पडण्यावरही आता औषधं आहेत, आणि तिथंही जोडीला सराव शिकवतात.

आमच्या तालुक्यातल्या एका घरात असंच झालं. दोन वर्षं पुड्यांवर पैसे गेले. शेवटी नवराबायको दोघं सरकारी दवाखान्यात गेले, तर निघाली साखर. त्याला मधुमेह आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. साखरेचे उपचार सुरू झाले, गोळी मिळाली, समुपदेशकाकडं चार फेऱ्या झाल्या. त्या ताई मला म्हणाल्या, ‘बाकीचं जाऊ दे, हे आता माझ्याशी बोलतात.’

म्हणून हे दुखणं लपवू नका म्हणते. ताठरता कमी होणं ही कधी कधी हृदयाच्या दुखण्याची आगाऊ सूचना असते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक, त्यामुळे त्या आधी चोंदतात आणि हृदयाचा त्रास काही वर्षांनी दिसतो. लाजेपायी गप्प बसणाऱ्या माणसाचा जीवही जाऊ शकतो.

आणि एक इशारा नीट लक्षात ठेवा. छातीत कळ येते म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेट जातीचं कुठलंही औषध ज्याला चालू आहे, त्यानं ही निळी गोळी कधीही घ्यायची नाही. रक्तदाब एकदम पडून मृत्यू येऊ शकतो. मेडिकलवाल्याला हळूच विचारून घेण्याची ही गोळी नव्हे, डॉक्टरची चिठ्ठी हवीच. ‘जडीबुटी आहे, काही होत नाही’ यावरही विश्वास नको. अशा कित्येक पुड्यांत हेच औषध चोरून मिसळलेलं अनेक देशांतल्या तपासणीत सापडलं आहे. म्हणजे वनस्पती समजून हृदयाचा रोगी नेमकं तेच खाऊन बसतो.

आता बाईच्या बाजूनं चार गोष्टी.

पहिली. मूल होत नाही म्हटलं की सून दवाखान्याच्या आणि देवाच्या पायऱ्या झिजवते. कारण नवऱ्यात असणं अगदी सामान्य आहे. ताठरता वेगळी आणि वीर्यातले शुक्राणू वेगळे, पण तपासणी दोन्हीची सोपी आहे. तपासणी दोघांची, आणि एकाच वेळी, एवढं सासूनं आणि आईनं धरून बसावं.

दुसरी. नवऱ्याच्या शरीराला गोळीनं तयार केलं, पण बायकोचं मन कुणी विचारलं? जोडप्याशी बोलणं म्हणजे तिला ‘सांभाळून घे’ सांगणं नव्हे. तिला नको असेल तर नको, दुखत असेल तर त्यावर उपचार, हाही त्या बोलण्याचाच भाग आहे. गोळी आली म्हणून बळजबरीचा परवाना मिळत नाही.

तिसरी. काही पुरुष स्वतःची लाज झाकायला हात उचलतात, संशय घेतात. दुखणं समजून घ्यायचं, मार समजून घ्यायचा नाही. त्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

चौथी. नवऱ्याला चारचौघांत टोचून बोलू नका, आणि दुसरीच्या नवऱ्याची गोष्ट पाणवठ्यावर नेऊ नका. गटात हा विषय निघाला तर नाव घ्यायचं नाही, आणि गटातलं गटातच ठेवायचं. कर्जाच्या बाबतीत जसा ठराव करतो तसा याचाही ठराव करा.

घरी विषय कसा काढायचा, असं बऱ्याच जणी विचारतात. भांडणात नको, अंथरुणात नको. दोघं रानात काम करताना, गाडीवर जाताना, म्हणजे नजरेला नजर नसते तेव्हा बोलणं सोपं जातं. ‘तुमच्यात काय कमी आहे’ असं नका म्हणू. ‘आपण दोघं साखर तपासून घेऊ’ असं म्हणा. तिथून दार उघडतं. ग्रामीण रुग्णालयात साखर आणि रक्तदाबाची तपासणी होते, जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक असतात. फोनवरच बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक नवऱ्याच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. वेळ आली की तो स्वतः लावेल.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. हसू येईल, येऊ दे. हसून झाल्यावर कुणी एक जण विचारेल, आणि मग बोलणं सुरू होईल.